विश्लेषण : लपवलेला डबा सांभाळायचा कोणी? जिओकॅशिंगचे नियम आणि शिष्टाचार काय सांगतात?

मोबाइलमधील जीपीएसच्या मदतीने कोणीतरी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचे आणि डबा होता तसा परत ठेवायचा. जिओकॅशिंग हा खेळ एवढाच. जगभरात असे ३० लाखांहून अधिक डबे आज लपवलेले आहेत. भारतात त्यांची संख्या कमी असली तरी मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही ते आहेत. डबा लपवायला दहा मिनिटे पुरतात. तो वर्षानुवर्षे शोधण्याजोगा ठेवायला शिस्त लागते. ही शिस्त सुटली की खेळाचे साहित्य बघता बघता कचरा होते, कधी पोलिसांची धावपळ होते, तर कधी जुन्या तटबंदीचा दगड निखळतो. म्हणूनच हा खेळ नेमका काय आहे, त्याचे नियम कोणते आणि आपल्याकडचा पाऊस, गड-किल्ले व गर्दीची शहरे पाहता कोणती काळजी घ्यावी लागते, ते समजून घेऊ.

जिओकॅशिंग म्हणजे नेमके काय?

यातल्या ‘कॅश’चा रोकड पैशाशी काही संबंध नाही. उच्चार तोच असला, तरी इंग्रजीतील या दुसऱ्या शब्दाचा अर्थ दडवून ठेवलेला साठा असा आहे. खेळाडू एखाद्या जागी डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर टाकतो. बाकीचे ते आकडे घेऊन शोधायला निघतात. लहानपणी डबा ऐसपैस खेळलेल्यांनी थोडी अदलाबदल करून पाहावी. तिथे डबा मैदानाच्या मधोमध असतो आणि मुले लपतात. इथे डबा लपतो आणि मोठी माणसे झुडपांत डोकावत फिरतात.

डब्याचा आकार नखाएवढ्या चुंबकी डबीपासून बादलीएवढा असू शकतो. प्रत्येक डब्याला दोन गुण दिलेले असतात. पहिला गुण शोधणे किती अवघड आहे ते सांगतो, दुसरा तिथवर पोहोचणे किती कष्टाचे आहे ते. दोन्हींची मोजणी १ ते ५ अशी. दोन्हीकडे १ असेल, तर डबा चाकाच्या खुर्चीवरूनही गाठता यावा, सहज दिसावा. पोहोचण्यासाठी ५ गुण असतील, तर दोर, होडी किंवा तसेच काही खास साहित्य लागणार, असे समजायचे. हे गुण प्रामाणिकपणे देणे हा पहिला शिष्टाचार आहे. कोणी लहान मुलांना घेऊन, तर कोणी गुडघेदुखी सांभाळून या आकड्यांच्या भरवशावर घराबाहेर पडत असते.

हा खेळ सुरू कसा झाला?

जीपीएस ही अमेरिकी लष्कराची यंत्रणा. नागरी वापरासाठीच्या संदेशांत २००० सालापर्यंत मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे साध्या यंत्राला आपली जागा साधारण १०० मीटरच्या फरकाने कळे. १ मे २००० रोजी तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या प्रशासनाने ही मिसळ बंद करण्याची घोषणा केली आणि एका रात्रीत नागरी जीपीएस सुमारे दहापट अचूक झाले.

दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर या संगणक सल्लागाराने ही अचूकता तपासण्यासाठी ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरील एका चर्चागटात जाहीर केले. बादलीत पुस्तके, सॉफ्टवेअर, व्हिडीओ, थोडे पैसे, एक बेचकी आणि घेवड्याच्या दाण्यांचा डबा होता. काही घ्या, काही ठेवा आणि वहीत नोंद करा, एवढाच नियम होता. माइक टीग याने ती बादली सर्वप्रथम शोधली. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम याने ‘जिओकॅशिंग’ हा शब्द सुचवला. सप्टेंबर २००० मध्ये जेरेमी आयरिश याने जिओकॅशिंग डॉट कॉम हे संकेतस्थळ सुरू केले. या खेळाचा मोठा भाग आजही तिथूनच चालतो.

पुढे त्या पहिल्या बादलीवरून गवत कापण्याचे यंत्र फिरले. त्यातून वाचला फक्त घेवड्याचा डबा. आजच्या नियमांत ती बादली बसलीच नसती, कारण आता डबा जमिनीत पुरायला आणि त्यात खाण्याच्या वस्तू ठेवायला मनाई आहे. खेळाचे बरेचसे नियम असे अनुभवातून आले आहेत.

शोधणाऱ्याने काय पाळायचे?

डब्यातल्या वहीत नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय शोध पूर्ण मानला जात नाही. नुसता फोटो पुरत नाही. ऑनलाइन नोंद आहे, पण वहीत नाव नाही, असे आढळल्यास मालक ती नोंद काढून टाकू शकतो. पेन स्वतःचे न्यावे, कारण छोट्या डब्यांत ते नसतेच.

डब्यातली भेटवस्तू घेतली, तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची वस्तू ठेवावी. यात गल्लत अशी होते की प्रत्येक जण किंचित कमी मोलाचे काहीतरी ठेवतो. पहिल्या आठवड्यात की-चेन आणि खेळण्यातली गाडी असते. वर्षभराने उरतात बसची तिकिटे, सुटलेले बटण आणि गोळीचा कागद. लहान मुलांना या वस्तूंचे फार अप्रूप असते, त्यामुळे देण्यासारखे काही नसेल, तर काही न घेता नुसती सही करून निघणे चांगले. खाद्यपदार्थ, सुवासिक साबण, मेणबत्त्या, औषधे, दारू, काडेपेटी, फटाके, चाकू यांतले काहीही ठेवू नये. वासाने मुंग्या, उंदीर आणि माकडे येतात. माकडाने उचकटलेला डबा पुन्हा नीट बसत नाही.

काही डब्यांत क्रमांक कोरलेल्या बिल्ल्यासारख्या वस्तू असतात. त्यांना ‘ट्रॅव्हल बग’ म्हणतात. त्या एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करतात आणि मालक ऑनलाइन तो प्रवास पाहत असतो. अशी वस्तू बदल्यात काही न ठेवता नेता येते. मात्र ती आठवड्या-दोन आठवड्यांत पुढच्या डब्यात ठेवता येणार असेल, तरच न्यावी. घरच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलेल्या बिल्ल्याचा प्रवास तिथेच संपतो. त्यावरचा क्रमांक फोटोतून जाहीर करू नये. क्रमांक मिळाला की वस्तू हातात न घेताही खोटी नोंद करता येते.

परत ठेवताना झाकण पूर्ण बंद करायचे, पिशवीचा कागद झाकणाच्या कडेत अडकू द्यायचा नाही, आणि डबा जिथे व जसा सापडला तिथेच व तसाच ठेवायचा. ‘याहून चांगली जागा सापडली’ म्हणून तो हातभर सरकवणारे पुष्कळ असतात. असे पाच जणांनी केले की अक्षांश-रेखांश आणि खुणेची ओळ, दोन्ही खोटी ठरतात. डबा चुकीच्या जागी सापडला असे वाटले, तर स्वतः निर्णय न घेता मालकाला कळवावे.

खेळाशी संबंध नसलेल्या माणसांना खेळाडू हॅरी पॉटरच्या गोष्टींतून उचललेल्या शब्दाने ‘मगल’ म्हणतात. आसपास मगल असतील, तर थांबावे आणि ते गेल्यावर डबा काढावा. कोणी पाहत असताना काढलेला डबा बहुधा त्याच दिवशी नाहीसा होतो.

‘सापडला नाही’ ही नोंद इतकी महत्त्वाची का?

अ‍ॅपवर यशाची नोंद सगळे करतात, अपयशाची करायला संकोचतात. मालक घरी बसून डब्याची प्रकृती ओळखतो ती मात्र या नोंदींवरूनच. पाठोपाठ तीन-चार जणांना डबा सापडला नाही, तर तो जागेवर नसण्याची शक्यता मोठी, आणि मालकाने जाऊन पाहायला हवे. या चौघांनी नोंदच केली नाही, तर पानावर तीन महिन्यांपूर्वीची ‘छान डबा, धन्यवाद’ ही नोंद वरती दिसत राहते आणि पाचवा माणूस रविवारची सकाळ त्यावर घालवतो.

वही भिजली आहे, झाकण तडकले आहे, कागद संपला आहे, असे असेल तर मालकाचे लक्ष वेधणारी वेगळी सूचना अ‍ॅपमधून पाठवता येते. ती तक्रार मानू नये. जवळ कोरडा कागद असेल आणि तो डब्यात ठेवला, तर ती मदत मालक आनंदाने स्वीकारतात. फक्त जुनी वही फेकू नये, तिच्यातल्या सह्या मालकाला हव्या असतात.

मदत आणि लबाडी यांतली रेषा एका प्रकारात पुसट होते. डबा सापडला नाही की काही जण खिशातली नवी डबी तिथे ठेवतात, तिच्यात सही करतात आणि ‘सापडला’ अशी नोंद करतात. खेळाडूंच्या भाषेत याला ‘थ्रोडाउन’ म्हणतात. मूळ डबा बरेचदा तिथेच असतो, शोधणाऱ्याला दिसलेला नसतो. मग एकाच जागी दोन डबे होतात. खरा कोणता, हे पुढच्याला कळत नाही आणि न मागितलेल्या डबीची जबाबदारी मालकावर येते.

डबा ठेवण्याआधी कोणत्या अटी?

नवा डबा थेट प्रसिद्ध होत नाही. त्या भागाचे काम पाहणारे स्वयंसेवक, म्हणजे रिव्ह्यूअर, आधी तपासणी करतात. ढोबळ अटी अशा :

- दोन डब्यांत किमान १६१ मीटर, म्हणजे एक दशांश मैल, अंतर हवे.
- जागेच्या मालकाची किंवा ताबा असलेल्या यंत्रणेची परवानगी हवी.
- जमीन खणायची नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही, भिंतीला भोक पाडायचे नाही.
- शाळा, लष्करी जागा, रेल्वेमार्ग, विमानतळ, पूल-धरणे अशा संवेदनशील ठिकाणांपासून दूर राहायचे.
- डबा मालकाच्या आवाक्यात हवा. सहलीला गेलो आणि तिथे डबा ठेवून आलो, हे चालत नाही.

शेवटची अट नवख्यांना सर्वांत जाचक वाटते. कोकणात मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेल्यावर समुद्रकिनाऱ्याजवळ डबा ठेवावासा वाटणे साहजिक आहे. पण ऑगस्टमध्ये त्यात पाणी शिरले, तर ठाण्याहून कोण जाणार? गावातल्या कोणी नातेवाइकाने किंवा मित्राने देखभालीची जबाबदारी खरोखरच घेतली असेल, तर तसे रिव्ह्यूअरला आधीच सांगावे लागते.

अक्षांश-रेखांश चुकले तर काय होते?

या खेळात आकडे अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात, उदाहरणार्थ १८ अंश ३१.५०० मिनिटे. बहुतेक नकाशा अ‍ॅप हीच जागा १८.५२५ अंश अशी दाखवतात. दोन पद्धतींची सरमिसळ करून कोणी १८.३१५ अंश असे टाकले, तर उत्तर-दक्षिण दिशेत तब्बल २३ किलोमीटरची चूक होते. त्यामुळे आकडे टाकल्यावर नकाशावर खूण नेमकी कुठे उमटते, हे डोळ्यांनी पाहणे आवश्यक.

आकडे बरोबर असले तरी थोडा फरक राहतोच. अक्षांशातील मिनिटाचा एक हजारावा भाग म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर. जीपीएसविषयीच्या अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळानुसार मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनची अचूकता साधारण ४.९ मीटरच्या त्रिज्येत असते. ठेवणाऱ्याच्या फोनची चूक ५ मीटर एका दिशेला आणि शोधणाऱ्याची ५ मीटर उलट दिशेला झाली, तर शोधाचे वर्तुळ १० मीटर त्रिज्येचे होते. त्याचे क्षेत्रफळ भरते ३१४ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ३,४०० चौरस फूट. सुपारीएवढी डबी शोधायला ही जागा थोडी नाही.

दाट झाडी, उंच इमारती आणि कड्याच्या पायथ्याशी चूक आणखी वाढते. उपग्रहाचा संदेश थेट न येता भिंतीवर किंवा कातळावर आदळून येतो, त्यामुळे फोनला अंतर जास्त भासते. उपाय सोपा आहे. डब्याच्या जागी फोन काही मिनिटे स्थिर ठेवून आकडे घ्यावेत, दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा घ्यावेत आणि सरासरी काढावी. मधल्या काळात उपग्रहांच्या जागा बदललेल्या असतात, म्हणून एकाच बाजूला झुकलेली चूक कमी होते. हा शिष्टाचाराचाच भाग आहे. आकडे जितके ढिसाळ, तितकी जास्त माणसे जास्त जागा तुडवतात, दगड उलटतात आणि फांद्या मोडतात.

देखभाल म्हणजे नेमके काय करायचे?

डब्याचा पहिला शत्रू पाणी. आपल्याकडे चार महिने पाऊस असल्याने डब्याची निवडच अर्धी देखभाल ठरते. जुन्या फिल्म रोलच्या डब्या आणि मिठाईचे प्लास्टिकचे डबे पहिल्याच पावसात हार मानतात. चारही बाजूंनी कडी लागणारे, झाकणात सिलिकॉन रबराची कडा असलेले डबे जास्त टिकतात. शीतपेयांच्या बाटल्या फुगवण्याआधीच्या जाड प्लास्टिकच्या नळ्याही लहान डबे म्हणून खेळाडूंमध्ये लोकप्रिय आहेत.

घट्ट दिसणाऱ्या डब्यातही पाणी शिरते, त्याचे कारण तापमान. दुपारी आतली हवा तापून प्रसरण पावते आणि कडेच्या फटीतून बाहेर पडते. संध्याकाळी सर आली की डबा झपाट्याने थंड होतो, आतला दाब कमी होतो आणि झाकणावर साचलेले पाणी त्याच फटीतून आत ओढले जाते. म्हणून झाकण शक्यतो खाली किंवा आडवे राहील, असा डबा ठेवावा. पाणी साचणाऱ्या खळग्यात तो ठेवू नये. वही चेनच्या छोट्या पिशवीत घालावी आणि सोबत पेन्सिल ठेवावी. शाई ओलाव्यात पसरते, पेन्सिलीचे लिखाण टिकते. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या काही आठवडे दमटपणा शोषतात. नंतर त्या भिजून निकामी होतात, त्यामुळे बदलाव्या लागतात. डबाच गळका असेल, तर पुडीचा उपयोग नाही.

दुसरा शत्रू ऊन. उन्हात साधे प्लास्टिक दोन-तीन वर्षांत ठिसूळ होते आणि कडी पहिल्यांदा तुटते. तिसरा शत्रू आग. सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर फेब्रुवारीपासून वणवे लागतात. त्यात डबा वितळून दगडाला चिकटतो.

हे सगळे लक्षात घेतले, तर महाराष्ट्रातल्या डब्यासाठी वर्षात तीन फेऱ्या सोयीच्या ठरतात. मेअखेर, पावसाआधी, झाकण आणि कडा तपासायची. ऑक्टोबरमध्ये वही बदलायची, बुरशी पुसायची आणि गवतकापणीत डबा उघडा पडला आहे का ते पाहायचे. फेब्रुवारीत भोवतीचा सुका पाचोळा आणि वणव्याचा धोका पाहायचा, गरज पडल्यास डबा काही काळ काढून ठेवायचा. प्रत्येक फेरीनंतर पानावर देखभालीची नोंद केली, की शोधणाऱ्याला भरवसा वाटतो.

मालकाने लक्षच दिले नाही तर?

डब्यात बिघाड असल्याचे कळल्यावर मालकाने तो पानावर तात्पुरता बंद करायचा आणि साधारण चार आठवड्यांत दुरुस्त करून पुन्हा चालू करायचा, अशी अपेक्षा असते. तसे झाले नाही, तर रिव्ह्यूअर आधी विचारणा करतो आणि तरीही उत्तर आले नाही, तर डबा यादीतून कायमचा काढतो.

अडचण पुढे आहे. यादीतून डबा गेला, तरी जमिनीवरचा डबा तिथेच राहतो. फुटलेले प्लास्टिक, लगदा झालेली वही आणि गंजलेली की-चेन. आता तिथे कोणी शोधायलाही येत नाही. खेळाडू याला ‘जिओट्रॅश’ म्हणतात. मालकाने स्वतः जाऊन तो उचलणे अपेक्षित असते. शहर सोडताना, नोकरी बदलताना किंवा खेळातून मन उडाल्यावर आपले डबे दुसऱ्या खेळाडूच्या नावावर करून देता येतात. तेही शक्य नसेल, तर जाण्याआधी ते गोळा करावेत.

२००२ पासून जगभरचे खेळाडू ‘कॅश इन, ट्रॅश आउट’ नावाने एकत्र जमून जागा स्वच्छ करतात. डबा शोधायला जाताना एक रिकामी पिशवी नेणे आणि वाटेतल्या बाटल्या, वेष्टने उचलून आणणे, हा त्याचा रोजचा अवतार. या खेळाने आपलाच कचरा मागे ठेवला, तर या मोहिमेला काही अर्थ उरत नाही.

शहरात बेवारस डब्याचा धोका काय?

बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा, ही सूचना मुंबईच्या लोकलमध्ये रोज ऐकू येते. अनेक स्फोट सोसलेल्या या शहरात तिचा अर्थ वेगळा सांगायला नको. बाकाखाली हात घालून काहीतरी चिकटवणारा माणूस खेळाडू आहे, हे पाहणाऱ्याला कळणार कसे?

हे इतर देशांतही घडले आहे. ब्रिटनमधील वेदर्बी गावात २०११ मध्ये असाच एक प्लास्टिकचा डबा संशयास्पद वाटल्याने रस्ता बंद करण्यात आला आणि लष्कराच्या बॉम्बनाशक पथकाने नियंत्रित स्फोटाने तो उडवला. डबा निरुपद्रवी होता. पण पोलिसांचा वेळ आणि लोकांची भीती खरी होती.

म्हणून शहरात स्थानके, मॉल, धार्मिक स्थळे, सरकारी कार्यालये यांच्या आसपास डबा ठेवूच नये. जिथे ठेवायचा तिथे तो पारदर्शक असावा. त्यावर हा खेळाचा डबा असल्याचे मराठीत आणि इंग्रजीत ठळक लिहावे, आत खेळाची माहिती देणारी चिठ्ठी ठेवावी. तारा, बॅटरी, धातूचे नळे, काळी चिकटपट्टी यांपैकी काहीही वापरू नये. सोसायटी, महाविद्यालय किंवा उद्यान असेल, तर तिथल्या सुरक्षारक्षकापर्यंत माहिती पोहोचली पाहिजे, नुसती व्यवस्थापनाची परवानगी पुरत नाही. पोलिसांनी हटकलेच, तर काय करतो आहोत ते सरळ सांगावे आणि अ‍ॅप दाखवावे. लपवालपवी केली की संशय वाढतो. आणि खेळाचा आहे की नाही याची खात्री नसलेला डबा खेळाडूनेही उघडू नये, ११२ वर कळवावे.

गड-किल्ले आणि जंगलात कोणती काळजी?

ट्रेकर मंडळींना हा खेळ गडांवर न्यावासा वाटतो. तिथेच सर्वांत जास्त जपायला हवे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यांपैकी ११ महाराष्ट्रातील आहेत. तटबंदीतली एक फट डब्यासाठी सोयीची वाटते. डबा नीट बसावा म्हणून कोणी एक चिरा हलवतो. पुढचे वीस जण शोधताना आणखी दहा चिरे हलवून पाहतात. दोन पावसाळ्यांत तिथे भगदाड दिसू लागते. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाची हानी केल्यास १९५८ च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. राज्य संरक्षित स्मारकांना १९६० चा राज्याचा कायदा लागू आहे. तटबंदी, बुरूज, लेणी, पाण्याची टाकी आणि देवळे यांत डबा ठेवू नये, हे साधे सूत्र.

अभयारण्यांत प्रवेशालाच वन विभागाचे नियम लागू असतात, तिथे परवानगीशिवाय काही ठेवणे गैर आहे. कासच्या पठारासारख्या सड्यांवर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो. एकाच डब्याकडे पन्नास माणसे गेली, तर फुलांमधून नवी पायवाट तयार होते. म्हणून डबा नेहमी आधीपासून मळलेल्या वाटेच्या लगत असावा.

सुरक्षेचा विचार ठेवणाऱ्यानेही करायचा असतो. आत काय आहे ते दिसत नाही अशा बिळात किंवा दगडाखाली हात घालायला लावणारी जागा निवडू नये. फुरसे अशाच दगडाखाली असते. आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली, ओढ्याच्या पात्रात किंवा नाल्याच्या भुयारात डबा ठेवू नये. प्रागमध्ये २०१८ साली भुयारी प्रवाहात उतरलेल्या जिओकॅशरच्या गटाला अचानक आलेल्या पावसाच्या पाण्याने गाठले आणि दोघांचा मृत्यू झाला. घाटमाथ्यावर पाणी किती वेगाने चढते, हे आपल्याला दर पावसाळ्यात दिसते. रेल्वेरूळ ओलांडून जावे लागेल अशी जागाही बाद समजावी. रूळ ओलांडणे हा रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहेच, शिवाय जिवाशी खेळ आहे.

डबा न ठेवता हा खेळ खेळता येतो का?

येतो. जिओलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकाच्या सहकार्याने २००४ मध्ये ‘अर्थकॅश’ हा प्रकार सुरू झाला. त्यात डबा नसतो. खेळाडूने दिलेल्या जागी जायचे, तिथली भूरचना पाहायची आणि मालकाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची. निघोजचे रांजणखळगे कसे घडले, बेसॉल्टचे थर कुठे वेगळे दिसतात, लोणारच्या विवराचा काठ उंचावलेला का आहे, असे प्रश्न त्यासाठी अगदी योग्य. जागेची परवानगी इथेही लागते. पण ओली होणारी वही नाही, फुटणारे झाकण नाही आणि मागे राहणारा कचराही नाही. महाराष्ट्रातल्या संरक्षित जागांसाठी हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे.

डबा कितीही सुरक्षित जागी असला, तरी त्याचे आयुष्य जागेशी बांधलेले असते. रिचर्ड गॅरियट यांनी २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात एक कॅश नोंदवली. तिचा पहिला शोध २०१३ मध्ये अंतराळवीर रिक मॅस्ट्राचिओ यांनी नोंदवला. स्थानक या दशकानंतर कक्षेतून उतरवण्याची नासाची योजना आहे, तेव्हा त्या कॅशचाही निरोप ठरलेला आहे.

नव्या खेळाडूने पहिला डबा कधी ठेवावा?

आधी किमान २० डबे शोधावेत, असा सल्ला नवख्यांना दिला जातो. वीस डबे पाहिले की कोणता भिजला, कोणता का टिकला आणि कोणत्या जागी उगाच लाज वाटली, हे आपोआप कळते. त्यानंतर स्वतःला चार प्रश्न विचारावेत. इथे ठेवायची परवानगी माझ्याकडे आहे का? डबा फुटल्याचे आज कळले, तर महिनाभरात मी इथे येऊ शकतो का? शोधणाऱ्याने काही मोडले, तर त्याचे उत्तर मी देणार आहे का? आणि दोन वर्षांनी मी या शहरात नसलो, तर डबा कोण उचलणार?

चारही उत्तरे मिळाली नाहीत, तर डबा घरातच राहू द्यावा. तोवर दुसऱ्यांचे डबे शोधत फिरावे, वहीत सही करावी आणि कोरड्या कागदाचे दोन-चार तुकडे खिशात ठेवावेत. पावसाळ्यात कोणाच्या तरी डब्याला ते लागणारच असतात.